ताटातल्या चाव्या

चाव्या ताटात होत्या आणि ताट व्यासपीठावर होतं.

ताट चांदीचं, कुठल्याशा साहेबांच्या घरून मागवलेलं. त्यात लाल फिती बांधलेल्या चाव्या, त्यांवर हळदकुंकू, कडेनं झेंडूची फुलं. आणि मी तिथून हाकेच्या अंतरावर, कोऱ्या करकरीत गस्तीच्या गाडीत स्टेअरिंगला हात लावून बसलेली. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही असा हुकूम होता. पाठ घामानं चिकटली होती, जरा हललं की चर्र वाजायचं. बॉनेटवर गुलाबी फुगे बांधले होते, बारशाला निघाल्यासारखे.

"मंदा," शेजारच्या सीटवरून बुरांडेमामा म्हणाले, "आपल्याला बसवलंय का मांडलंय गं?"

"मांडलंय. हलू नका, घडी मोडेल."

बुरांडे हवालदार माझ्या वडलांच्या वयाचे. गस्तीवर आमची जोडी. त्यांचं काम उतरून माणसाशी बोलायचं, माझं काम गाडी चालवायचं. शहराच्या पोलिसांत मी पहिली बाई चालक. म्हणूनच मला रांगेतली पहिली गाडी दिली होती. फोटोत बाई असली की गाडीला उठाव येतो, असं डीसीपी साहेब म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

आमच्या जुन्या जीपगाड्या स्टेजमागं, मंडपाच्या कापडाआड लपवल्या होत्या. पालकमंत्र्यांना दिसायला नकोत म्हणून. घरी पाहुणे आले की आजारी माणसाला आतल्या खोलीत ढकलतात ना, तसं. आमच्या जीपला आम्ही सासूबाई म्हणायचो. सकाळी उठायला कुरकुर, चढावर धाप, आणि उतार लागला की कुणाच्या बापाचं ऐकणं नाही. पण जायची. शिव्या घालत का होईना, बोलावलं तिथं जायची.

तर झालं होतं असं. जुन्या गाड्यांतले वायरलेस संच सोहळा झाल्यावर नव्या गाड्यांत बसवायचे, असं ठरलं होतं. पण डीसीपी साहेब आदल्या दिवशी मैदानावर फेरी मारून गेले आणि म्हणाले, गाड्यांवर अँटेना नाही, फोटोत टॅक्सीसारख्या दिसतात. झालं. सकाळी उजाडल्या उजाडल्या सगळे संच उचकटून नव्या गाड्यांत बसवले. म्हणजे ज्या गाड्या चालत होत्या त्यांना कान राहिले नाहीत, आणि ज्यांना कान आले त्यांच्या चाव्या ताटात. हे कंट्रोलरूमला कळवायला मात्र कुणालाच सुचलं नाही. फुगे कोणत्या रंगाचे यावर दोन बैठका झाल्या होत्या.

मंत्री यायची वेळ कधीच टळून गेली होती. बँडवाले उन्हात तुताऱ्या पुसत उभे होते. तेवढ्यात संच खरखरला.

"टायगर तीन, टायगर तीन, कंट्रोल."

टायगर तीन म्हणजे आम्ही. मी माईक उचलला.

"भुसार बाजार, भिंगारे खानावळ. बाईचा फोन आहे. दार फोडतायत म्हणते. लगेच निघा."

मामांनी माझ्याकडे बघितलं.

भिंगारे खानावळ म्हणजे अनसूया आक्काची. बाजारातले निम्मे हमाल तिच्याकडे जेवायचे, आणि गस्तीवर असलो की आम्हीही. तिचा नवरा हमालीच करायचा. तो गेल्यावर तिनं एकटीनं ती जागा धरून ठेवली होती. आता धाकटा दीर, बबन, तिला हुसकायला बघत होता. आठवड्यापूर्वीच ती भाकरी थापता थापता म्हणाली होती, "त्यो म्हनतोय, एक दिस येऊन भांडी रस्त्यावर टाकीन आन् कुलूप लावीन."

मामांनी तेव्हा तिला नीट समजावलं होतं. "आक्का, ताबा म्हणजे सगळं. तो कुलूप लावायच्या आत आम्ही पोचलो, तर तो घुसखोर. कुलूप लागल्यावर पोचलो, तर प्रकरण दिवाणी. मग कोर्ट, मग तुझी नातवंडं तारखांना जातील. तो दारात आला की शंभर नंबर फिरव. आम्ही बाजारातच असतो."

बाजारातच असतो! आम्ही होतो टेकडीवरच्या मैदानात, फुगे लावून.

आणि त्या दिवशी पोलीस कुठं असणार हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. चौकाचौकात फ्लेक्स लागले होते: पोलीस दलात नव्या गाड्या दाखल, भव्य सोहळा, स्थळ, वेळ, सगळं. बबनला वाचता येत होतं.

"टायगर तीन, तुमचं लोकेशन सांगा."

"कवायत मैदान," मी म्हणाले.

"तिथं काय करताय?"

"शोभा वाढवतोय," मामा माझ्या हातातल्या माईककडे वाकून म्हणाले.

"दुसरी जवळची गाडी?" कंट्रोलचा आवाज चढला. "टायगर दोन? टायगर पाच?"

रांगेतल्या एकेका गाडीतून एकेक आवाज आला. मैदान. मैदान. मैदान. प्रत्येकाच्या बॉनेटवर फुगे.

मी गाडीतून उतरले आणि स्टेजकडे पळाले. मोटार विभागाचे इन्स्पेक्टर धोंगडे साहेब ताटाजवळच उभे होते, फुलं सारखी करत. माणूस तसा वाईट नव्हता. पण वरचा साहेब शिंकला की ह्यांना ताप यायचा.

"साहेब, माझी चावी द्या. भुसार बाजारात कॉल आहे. बाईला मारतायत."

"खरमाटे, रांगेत बस."

"साहेब, दार फोडतायत तिचं."

"अगं, मंत्री फाट्यावर आलेत! पहिलीच गाडी गेली तर रांग कशी दिसेल? पुढचा दात पडल्यासारखी. ठाण्याला फोन करतो, कुणीतरी जाईल पायी."

"पायी?"

"बाजूलाच आहे ठाणं."

"ठाण्यातले सगळे इथं खुर्च्या भरायला आणलेत, साहेब. तुम्हीच आणलेत."

त्यांनी वळून बघितलं. मांडवात सगळी खाकीच बसली होती. पाव्हणे कमी, पोलीस जास्त. ते बघून ते ओशाळले, आणि ओशाळलेला माणूस ओरडतो तसे ओरडले, "चावीला हात लावलास तर नोकरीला हात लागेल, सांगून ठेवतो! पूजा झालीय तिची!"

पूजा झालीय म्हणे. मी त्या ताटाकडे बघत राहिले. असं वाटलं, उचलावं आणि भिरकावून द्यावं, चाव्या, फुलं, चांदी, सगळं. पण त्या पंधरावीस फितींतली माझी कुठली हेही लिहिलेलं नव्हतं. एकसारख्या दिसाव्यात म्हणून नंबरचे बिल्ले काढून ठेवले होते. शोधत बसले असते तर कुणीतरी हात धरला असता.

मी स्टेजमागं गेले. मामा माझ्या आधीच तिथं पोचले होते. मंडपाचं कापड वर करून सासूबाईंच्या दाराशी उभे.

"किल्ली हाय तुझ्याकडं?"

"माझ्या खिशात असतेच."

"मग बस."

बसले. किल्ली फिरवली. सासूबाई एकदा खोकल्या आणि गप्प. पुन्हा फिरवली. तेवढंही नाही.

"धक्का," मी म्हणाले.

मामा म्हातारे, एकटे काय ढकलणार? ते पलीकडं उभ्या बँडवाल्यांकडं गेले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण बँडमास्तरनं हातातली छडी काखेत मारली आणि मागं वळून म्हणाला, "वाद्यं खाली ठेवा रे." तुताऱ्या गवतात ठेवल्या गेल्या. मोठा ढोल एकानं खुर्चीवर बसवला. लाल डगलेवाले सगळे सासूबाईंच्या पाठीला भिडले.

मैदानातून उतार होता तो एकच. स्टेजसमोरून थेट गेटपर्यंत.

कापड फाडून आम्ही बाहेर आलो. म्हणजे सासूबाई बाहेर आल्या. दरवाजा गंजलेला, एक दिवा फुटका, आणि मागं सोन्याची बटणं लावलेले बँडवाले धापा टाकत. मांडवात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. उतार लागला, मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. एक हिसका, काळ्या धुराचा लोट, आणि बाई जाग्या झाल्या. स्टेजवरचं पांढरं कापड काळं झालं. धोंगडे साहेब ताट पोटाशी धरून खोकत होते.

आणि गेटवर मंत्र्यांचा ताफा.

कमानीतून एक गाडी जाईल एवढीच जागा. समोर लाल दिव्याची गाडी, तिच्यापुढं पायलट गाडी. पायलटमधला इन्स्पेक्टर अर्धा बाहेर येऊन हात हलवायला लागला, मागं घ्या, मागं घ्या! मी भोंगा दाबला. त्यानं भोंगा दाबला. मागून धोंगडे साहेब पळत येताना आरशात दिसत होते.

"कोण आहे रे ती? गाडी मागं घे म्हणतो ना!" पायलटमधला ओरडला.

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, हिला रिव्हर्स नाही!"

"काय?"

"रिव्हर्स गिअर नाही! कधीचा रिपोर्ट केलाय! ही फक्त पुढंच जाते!"

खोटं नव्हतं. गल्लीत शिरायच्या आधी आम्ही बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवायचो. मी इंजिन बंद होऊ नये म्हणून पाय दाबून धरला होता, सासूबाई थरथरत होत्या, धूर कमानीत साचत होता. फुग्यांची कमान काळवंडली. लाल दिव्याच्या गाडीची काच खाली आली, पुन्हा वर गेली. मग पायलट गाडी मागं गेली. मग लाल दिवा मागं गेला. मग त्याच्यामागच्या सगळ्या. वार्ताहर कॅमेरे घेऊन उभेच होते.

आम्ही निघालो.

*

पोचलो तेव्हा कुलूप लागलं होतं.

आमटीचं पातेलं गटारापाशी पालथं. भाताचा ढीग रस्त्यावर, त्यात चपलांचे ठसे. आक्का समोरच्या पायरीवर बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवला होता, पण तो हात तिचा वाटत नव्हता. कोपराखाली भलतीकडंच वळलेला. ती रडत नव्हती. डाव्या हातानं परातीतली कणीक झाकत होती, माशा बसू नयेत म्हणून.

बबन खानावळीच्या ओट्यावर बाज टाकून बसला होता. बरोबर चार टगे. हातात चहाचा ग्लास.

"या ताई," तो म्हणाला. "उरकला का प्रोग्राम?"

मी त्याच्या अंगावर धावून गेले. मामांनी मला कमरेला धरलं नसतं तर त्या दिवशी माझ्या हातून काय झालं असतं, मला आजही सांगता येत नाही.

"तुम्हीच सांगा हवालदार," बबन म्हणाला, "ताबा माझा. कुलूप माझं. दिवाणी मॅटर आहे का नाही?"

मामांच्या तोंडचे शब्द तो मामांनाच ऐकवत होता. मामांनी त्याची कॉलर धरून जीपमध्ये टाकला, हात मोडल्याबद्दल. ती पडली, असं त्या टग्यांनी जबाबात सांगितलं. संध्याकाळी बबन सुटला. टगे बाजेवर बसूनच होते.

आक्काला सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालताना मी जवळ उभी होते. "लवकर यायला पाहिजे होतं गं," मी म्हणाले.

"गाडी न्हवती का?" तिनं विचारलं.

काय सांगू? होती म्हणून सांगू, की नव्हती म्हणून?

*

दुसऱ्या दिवशी पेपर बघितला आणि मला वाचता येतं याचा राग आला.

गेटवर मंत्र्यांची गाडी मागं घ्यावी लागली, हे वार्ताहरांनी पाहिलं होतं. त्याचं काहीतरी करायला हवं होतं. मंत्री मुरलेले. त्यांनी स्टेजवर चढून माईक घेतला आणि म्हणाले, झेंडा दाखवायची वाटही न बघता आपली नवी गाडी एका निराधार भगिनीच्या मदतीला धावली, मी स्वतः माझी गाडी मागं घेऊन तिला वाट करून दिली, आज त्या भगिनीची खानावळ वाचली! टाळ्यांचा कडकडाट. पेपरात मोठ्या अक्षरांत तेच.

धोंगडे साहेब स्वतः माझ्याकडे आले. "नशीब काढलंस, खरमाटे. चौकशी लागणार होती, गुंडाळली. उलट मुख्यालयात सत्कार आहे. मंत्री येणार. त्या बाईलाही आणायचं. फक्त गाडी नवी होती, एवढं लक्षात ठेव."

"आणि खानावळ?"

"तिचं काय?"

"ती गेली ना, साहेब. बबन बसलाय तिथं."

"ते दिवाणी आहे गं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी तडक दवाखान्यात गेले. रस्ताभर दात आवळून. आक्काला सगळं सांगितलं, आणि म्हणाले, "तू येऊ नकोस. मी जाते आणि तिथं स्टेजवर सांगते सगळ्यांना, काय खरं ते. नोकरी गेली तर गेली."

ती ऐकत होती. "मंत्री सोता बोलला? माझी खानावळ वाचली म्हून?"

"हो."

"पेपरात आलंय?"

"आलंय."

"वाच."

वाचलं. "परत वाच," म्हणाली. परत वाचलं. मला तिचा राग आला. तिचं सगळं गेलं होतं आणि ही स्वतःचं नाव पेपरात ऐकत बसली होती, असं वाटलं मला.

"तू कायबी बोलू नगंस," ती म्हणाली. "तोंड मिटून हारतुरं घे. आन् मला एक बरं लुगडं आणून दे. ह्याला आमटी लागलीया."

*

मुख्यालयाच्या आवारात ती गाडी उभी होती. फुगे बदलले होते, प्लास्टिक तसंच होतं. मंत्र्यांनी मला शाल दिली, नारळ दिला, आणि ताटातून चावी उचलून माझ्या हातात ठेवली. लाल फितीची. आता सापडली होती! मी ती मुठीत एवढी आवळली की दात तळव्यात रुतले. मामा कोपऱ्यात उभे राहून छताकडं बघत होते.

मग आक्काला पुढं आणलं. हात गळ्यात अडकवलेला, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. कॅमेरे सरसावले.

"काय मावशी," मंत्री म्हणाले, "कशी आहे आपली गाडी?"

"झ्याक हाय," आक्का म्हणाली. डाव्या हातानं तिनं मागचं दार उघडलं आणि आत बसली. मग काचेतून डोकं काढून, बाजारात हाक मारतात त्या आवाजात म्हणाली, "साह्येब, तुमच्या तोंडात साखर पडो! माझी खानावळ वाचली म्हणलासा. आता दुपारच्या पंगतीची येळ झाली. मला तेवढं माझ्या खानावळीत सोडा. तुमीबी चला. ह्ये पेपरवाले बी समदे चला. एका हातानं का हुईना, जेवाय घालते."

कॅमेरे तिच्यावरून मंत्र्यांकडं वळले.

मंत्री हसतच होते. हसू तसंच ठेवून त्यांनी मान डीसीपींकडं कलवली. डीसीपी कुजबुजले. मंत्र्यांचं हसू होतं तिथंच राहिलं, पण कान लाल झाले.

"म्हणजे मी काय खोटं बोललो होय?" ते ओठ न हलवता म्हणाले. मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"नाही सर," डीसीपी म्हणाले.

"मग काढा गाडी."

धोंगडे साहेब वायरलेसकडं जसे धावले, तसे त्या दिवशी धावले असते तर! डीसीपी माझ्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "सावकाश चालव."

मी सावकाश चालवली. मागं मंत्र्यांचा ताफा, त्यामागं पेपरवाले. प्रत्येक सिग्नलला थांबले. नोकरीत पहिल्यांदाच मला उशिरा पोचायचा हुकूम झाला होता, आणि तेवढ्या वेळात तिकडं काय चाललं असेल ते मला दिसत होतं. जे ह्यांच्या हातात नव्हतं, कायद्यात बसत नव्हतं, ज्याला नातवंडांपर्यंत तारखा पडणार होत्या, ते होत होतं. मंत्र्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून. आक्काचा हात मोडला तेव्हा जे होत नव्हतं ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं होतं असं मी कुणाला सांगितलं नाही, कारण नव्हतं.

ती गाडी मी चालवली ती तेवढीच. पुढच्याच महिन्यात मला पाण्याच्या टँकरवर टाकलं, आणि ती गाडी डीसीपींच्या बंगल्यावर गेली. गस्त जुन्याच जीपवर चालू राहिली.

भुसार बाजारात पोचलो, तर दिवाणीचं फौजदारी होऊन गेलेलं. कुलूप तोडलेलं. बाज रस्त्यात उलटी. टगे गायब. बबन हात जोडून उभा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठाण्यातले दोन शिपाई. हमाल पोती टाकून गोळा झाले होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. आक्का उतरली, बबनकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

डीसीपी साहेब सगळ्यांच्या पुढं. कॅमेऱ्यांना दिसावं म्हणून तरातरा ओटा चढले आणि उंबऱ्यात एक पाऊल टाकलं.

"साह्येब," आक्का म्हणाली.

ते थांबले.

"बूट भाईर काढा. हितं माणसं जेवत्यात."

त्यांनी मंत्र्यांकडं बघितलं. मंत्री कॅमेऱ्यांकडं बघत होते. मग डीसीपी साहेब ओट्यावर बसले, आणि एवढ्या हमालांदेखत वाकून नाड्या सोडायला लागले.